सोनाराच्या दुकानात घड्याळं आली कुठून? आजोबांच्या वह्या वाचताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गिरगावातलं आजोबांचं दुकान आता बंद आहे, पोटमाळ्यावरून वह्यांचा गठ्ठा निघालाय, सोबत लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या आणि कधीच न नेलेल्या घड्याळांचा डबा, आणि तुम्हाला दुकानाचा इतिहास लिहायचाय. अडलंय इथं की १९६२ पर्यंतच्या वह्यांत फक्त सोनं-चांदी, १९६३ पासून दागिने एकदम आटतात आणि घड्याळं सुरू होतात, ऐंशीचं दशक संपता संपता घड्याळं रोडावतात आणि नव्वदनंतर परत सोनं वाढतं. घरातले म्हणतात आजोबांना घड्याळांचा नाद होता.

नाद वगैरे काही नाही हो. १९६३ साल दिसलं की आमच्या धंद्यातला कुणीही सांगेल काय झालं ते. आमचं दुकान लालबागला, मी तिसऱ्या पिढीचा, आजोबा नुसते सोनार, वडील सोनार आणि घड्याळजी, मी दोन्ही थोडं थोडं पण मुख्यतः दुरुस्ती. तुमच्या वह्यांतला जो चढउतार तुम्ही लिहिलाय तो जवळजवळ तसाच्या तसा आमच्या वह्यांत आहे, कारण तो आजोबांच्या स्वभावातून आलेला नाही, दिल्लीतून आलेला आहे.

चीनचं युद्ध झालं १९६२ च्या शेवटी. परकीय चलनाची बोंब, सोनं तर बहुतेक बाहेरून, आणि चोरट्या मार्गानं मुंबईच्या किनाऱ्यावर उतरायचं ते वेगळं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते, जानेवारी १९६३ मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सुवर्ण नियंत्रण आणलं. त्यातली जी अट सोनारांच्या मुळावर आली ती अशी की नवा दागिना १४ कॅरटच्या वर करायचा नाही. आता १४ कॅरट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. आपल्याकडं मंगळसूत्राच्या वाट्या, पाटल्या, ठुशी हे सगळं २२ कॅरटचं करायची सवय, रंगही तोच डोळ्यात बसलेला. गिऱ्हाईक १४ कॅरटचा दागिना हातात घेऊन बघायचं आणि खाली ठेवायचं. शिवाय मोडायला गेलं तर काय येणार हा हिशोब बाईमाणूस आधी करतं आणि बरोबरच करतं.

आणि हे नुसतं गिऱ्हाइकाचं नव्हतं, हाताचंही होतं. १४ कॅरटचं सोनं कडक, २२ च्या सवयीनं हातोडी मारली की चिरतं, तार ओढताना तुटते, सारखं तापवून मऊ करावं लागतं, आणि डाख, म्हणजे जोड द्यायचा मिश्रधातू, वेगळा लागतो कारण आधीचा डाख वितळेपर्यंत दागिनाच वितळायच्या बेतात येतो. ज्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं एका धातूवर हात बसवला त्याला एका रात्रीत दुसरा धातू दिला. देशभर लाखो सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला, त्या वेळच्या वर्तमानपत्रांत ते सगळं आहे, तुम्ही इतिहास लिहिताय तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून १९६३ ची जुनी वर्तमानपत्रं चाळा, आजोबा त्या वर्षी काय वाचत होते ते कळेल.

१९६६ मध्ये १४ कॅरटची अट उठली. पण सगळं पूर्ववत झालं असं समजू नका, कारण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा रीतसर कायदाच आला. दुकानदाराला लायसन्स, कारागिराला सर्टिफिकेट, किती सोनं जवळ ठेवायचं त्याला मर्यादा, प्रत्येक ग्रॅमची नोंद, आणि सामान्य माणसानं सोन्याची लगड किंवा बिस्किट बाळगायचं नाही. इन्स्पेक्टर येऊन तिजोरीतलं सोनं वहीशी ताडून बघायचे. तुमच्या गठ्ठ्यात १९६८ नंतर एक छापील रकान्यांची, पानांवर नंबर असलेली वही असेल, बाकीच्या वह्यांपेक्षा जास्त नीट अक्षरातली. ती सरकारला दाखवायची वही. खरा धंदा कळायला साध्या लाल वह्या बघा. दोन्हींत फरक सापडला तर लगेच आजोबांना चोर ठरवू नका, त्या काळात इतकी कागदपत्रं होती की लहान दुकानदाराला सगळं पाळणं कठीणच होतं, आणि थोडंफार इकडंतिकडं सगळ्यांचंच होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग घड्याळंच का? सोनारानं किराणा का नाही टाकला? काहींनी टाकला. काही गिरणीत लागले, काही प्यून झाले. पण ज्यांच्याकडं रस्त्यावरचा गाळा होता त्यांना घड्याळ जवळचं होतं आणि त्याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. भिंग, चिमटे, बारीक कानशी, नाजूक पक्कड, छोटी ऐरण हे सगळं आधीच टेबलावर. हात स्थिर. नजर बारीक कामाला सरावलेली. भांडवल जवळजवळ शून्य, कारण दुरुस्तीला माल भरावा लागत नाही, गिऱ्हाईकच माल आणून देतो. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे लोक सोनाराकडं मौल्यवान वस्तू ठेवून जायला आधीपासून तयार होते. आईचं मंगळसूत्र ज्याच्याकडं दोन दिवस ठेवलं त्याच्याकडं मनगटावरचं घड्याळ ठेवायला कोण कचरेल? नवीन घड्याळजीला हा विश्वास कमवायला दहा वर्षं गेली असती.

चौथं कारण लग्न. जावयाला अंगठी आणि घड्याळ ही जोडगोळी तुम्ही ऐकली असेलच, मानपानाच्या यादीत दोन्ही एकाखाली एक. अंगठी आमच्याकडून आणि घड्याळ फोर्टातून असं करण्यापेक्षा दोन्ही एकाच ठिकाणी झालं तर वधूपित्याला बरंच. आणि घड्याळं तेव्हा मिळायला लागली होती. एचएमटीचा बंगळूरचा कारखाना जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत चांगलं घड्याळ म्हणजे स्विसच, वेस्ट एंड, फाव्र ल्यूबा वगैरे, आणि त्या दोन्ही नावांचं मुंबईशी नातं एकोणिसाव्या शतकापासूनचं. फाव्र ल्यूबा १८६५ मध्येच मुंबईत आलेली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली तसं स्विस घड्याळ महाग आणि दुर्मीळ, किंवा मग दुबईमार्गे बंदरावर उतरलेलं. एचएमटी जनता आली आणि कारकून, मास्तर, गिरणीतला जॉबर म्हणजे मुकादम, सगळ्यांच्या हातात घड्याळ आलं. हाताला घड्याळ आलं म्हणजे सहा महिन्यांनी ते बंद पडून कुणाच्या तरी टेबलावर येणार. वडिलांचं टेबल तयारच होतं.

वडील शिकले कसे तर फोर्टमधल्या एका जुन्या घड्याळाच्या दुकानात म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बसून, संध्याकाळी, बिनपगारी. आधी नुसती भिंतीवरची घड्याळं आणि गजराची घड्याळं, मग खिशातली, मग मनगटावरची, बायकांची छोटी घड्याळं सगळ्यात शेवटी. तुमच्या वह्यांत हाच क्रम दिसतो का बघा. १९६३-६४ च्या पानांवर गजराची आणि भिंतीवरची घड्याळं जास्त आणि १९६७-६८ कडं लेडीज घड्याळं दिसायला लागली तर समजा आजोबाही तोवर शिकत होते.

इथं एक गोष्ट जी बाहेरच्याला दिसत नाही. सोनारकाम आणि घड्याळकाम एका दुकानात चालतं, पण एका टेबलावर चालत नाही, कधीच नाही. सोनाराच्या टेबलावर तेजाबाची वाफ असते, टाकणखार असतो, पॉलिशची लाल पूड असते. ती वाफ घड्याळाच्या हेअरस्प्रिंगला, म्हणजे आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, लागली की आठवड्यात गंज. सोन्याचा कीस घड्याळाच्या चाकात गेला की घड्याळ ठप्प. आणि लोहचुंबक! कानस घासताना लोखंडाचे कण सोन्याच्या किसात मिसळतात, ते काढायला सोनार किसावरून लोहचुंबक फिरवतो. तोच चुंबक घड्याळाशेजारी ठेवला की हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढं पळतं, कधी कधी तासाला काही मिनिटं. गिऱ्हाईक म्हणतं दुरुस्तीला दिल्यावर बिघडलं. म्हणून आमच्याकडं घड्याळाचं टेबल दाराशी उजेडात आणि सोन्याची बैठक आत मागं. तुमच्या दुकानाचा जुना फोटो असेल तर त्यात टेबलं कुठं आहेत बघा, घड्याळाचं टेबल काचेमागं रस्त्याच्या बाजूला आलं असेल तर घड्याळांचाच धंदा मोठा होता तेव्हा.

आता वह्या वाचण्याबद्दल, कारण तुम्ही चार-पाच शब्द विचारलेत.

वजनं आधी. १ तोळा म्हणजे १२ मासे, १ मासा म्हणजे ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. ग्रॅममध्ये तोळा ११.६६. दशमान पद्धत आल्यावर भाव १० ग्रॅमचा झाला पण बोलताना आम्ही आजही त्याला तोळाच म्हणतो, त्यामुळं जुन्या वहीतला १ तोळा आणि आजचा बोलण्यातला तोळा यात दीड ग्रॅमहून जास्त फरक आहे, घरातल्या दागिन्यांचा हिशोब लावताना इथं भांडणं होतात, सांभाळा. वहीत 'मोड' लिहिलंय ते जुना दागिना मोडीत घेतल्याची नोंद. 'घट' म्हणजे घडवताना किंवा वितळवताना कमी झालेलं वजन. 'घडणावळ' म्हणजे मजुरी. 'डाख' वेगळा धरलाय का ते बघा, कारण जुन्या डाखात तांबं-चांदी जास्त असायची, दागिना वितळवला की एकूण कस उतरायचा, आणि प्रामाणिक सोनार मोड घेताना हे तोंडावर सांगायचा. पुढं कॅडमियमचा डाख आला, केडीएम म्हणून लोकांना माहीत असेल, त्यानं सोन्याचा कस कमी उतरायचा पण तापवताना निघणारा धूर विषारी, कारागिराची फुप्फुसं जायची. आता हॉलमार्कच्या नियमांत त्याला जागा नाही. तरी अजून दुकानात येऊन 'केडीएम आहे ना?' असं कौतुकानं विचारणारे आहेतच!

घड्याळाच्या नोंदींत 'ऑ.' म्हणजे ऑइलिंग, सगळं मशीन खोलून पेट्रोलमध्ये धुऊन परत तेल देऊन जोडणं. 'मे. स्प्रिं.' मेन स्प्रिंग, चावी दिल्यावर जी गुंडाळते ती. 'स्टाफ' म्हणजे बॅलन्स चाकाचा, मागंपुढं हलून वेळ राखणाऱ्या चाकाचा, दांडा. त्याची टोकं केसाएवढी बारीक असतात आणि धक्का बसला की मोडतात. जुन्या घड्याळांत धक्का सोसायची सोय नव्हती, आणि लोकलच्या दारात लटकून जाणारा माणूस म्हणजे धक्का ठरलेलाच. स्टाफचं काम लेथवर किंवा तयार सुटा भाग आणून, दोन्हीत हात लागतो, म्हणून त्याची मजुरी ऑइलिंगपेक्षा जास्त लिहिलेली दिसेल. जुलै-ऑगस्टच्या पानांवर 'गंज' जास्त असणार, मुंबईचा पाऊस आणि मुंबईचा घाम, दोन्ही चावीच्या भोकातून आत जातात.

सगळ्यात कामाची गोष्ट आता सांगतो. डब्यातल्या घड्याळांची मागची झाकणं कुणा जाणकाराकडून उघडून आतली बाजू भिंगाखाली बघा. दुरुस्ती करणारा झाकणाच्या आत टोकदार सुईनं बारीक नंबर किंवा तारीख कोरतो, म्हणजे तेच घड्याळ परत आलं तर आपण आधी काय केलंय ते कळावं. तो नंबर वहीतल्या पावती नंबराशी जुळला की घड्याळ कुणाचं, कधी आलं, काय बिघडलं होतं, सगळं सापडतं. एकाच झाकणात वेगवेगळ्या हातांचे नंबर असतील तर ते घड्याळ किती दुकानं फिरून आलंय तेही कळतं. पेपरातल्या बातम्यांपेक्षा हा इतिहास जास्त पक्का.

एक विषयांतर करतो, आवडेल तुम्हाला. गठ्ठ्यात १९५५ च्या आधीच्या कागदांवर कुठं वेळ लिहिलेली असेल आणि पुढं 'मुं. टा.' किंवा 'स्टॅ. टा.' असं काही दिसलं तर गोंधळू नका. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली पण मुंबईनं ती मनापासून घेतलीच नाही, मुंबई टाइम ३९ मिनिटं मागं होता आणि महापालिकेनं तो १९५५ पर्यंत चालवला. माझे आजोबा सांगायचे की तेव्हा वेळ विचारली की लोक उलट विचारत, कुठली? सोनाराला त्याचं काही पडलेलं नव्हतं, पण घड्याळजीला घड्याळ लावून देताना विचारावंच लागायचं.

आता १९८२. गिरगावात हे तितकं जाणवलं नसेल, पण लालबाग-परळच्या वह्यांत ते वर्ष वेगळं कुणी दाखवायची गरज नाही. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहिले काही महिने वहीत काही विशेष नाही, लोक उधारीवर आणि गावच्या तांदळावर निभावत होते. मग मोडीच्या नोंदी सुरू होतात आणि थांबतच नाहीत. आधी मुलांच्या अंगठ्या, कानातलं, मग पाटल्या, मग बोरमाळ. मंगळसूत्र सहसा कुणी अख्खं मोडत नसे. बायका यायच्या आणि म्हणायच्या, भाऊ, वाट्या ठेवा, मधले सोन्याचे मणी काढा आणि काळे मणी परत ओवून द्या. वडील ते काम समोर बसवूनच करून द्यायचे आणि ओवायची मजुरी घ्यायचे नाहीत. घड्याळं मात्र विकायला यायची, एचएमटी, चालू स्थितीतली, अगदी मातीमोल. घड्याळ कशाला हवं होतं, गिरणीची पाळीच नव्हती.

म्हणून सांगतो, तुमच्या वहीत गहाणाच्या आणि मोडीच्या नोंदी असतील तर इतिहास लिहिताना माणसांची नावं गाळा. ती घरं अजून तिथंच आहेत, नातवंडं आहेत. कोणाच्या आजीनं काय विकलं हे तिच्या घरच्यांनाही माहीत नसतं बऱ्याचदा. आणि गहाण दिसलं तर सावकारीचं लायसन्स शोधा, १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याखाली ते लागायचं, कागदांत कुठं तरी फ्रेम केलेलं किंवा पिवळं पडलेलं सापडेल.

घड्याळं रोडावली ती का, तर क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी घड्याळं. तसं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानच्या सेकोनं १९६९ च्या डिसेंबरमध्येच आणलं होतं, पण आमच्या टेबलावर यायला पंधरा-एक वर्षं लागली. आधी स्मगलिंगची डिजिटल घड्याळं आली, बटण दाबलं की लाल आकडे, मग काळे आकडे. मग टाटांच्या टायटननं १९८७ मध्ये बाजारात उतरून क्वार्ट्झ हेच सभ्य माणसाचं घड्याळ करून टाकलं, छान दुकानं, छान खोके, स्वतःची सर्व्हिस सेंटरं. चावीचं जनता सेकंदाला पाच टिकटिक करतं, क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याच्याशी बरोबरी कशी करणार? वडिलांनी रात्र रात्र जागून जे घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटात आणलं ते ऐंशी रुपयांच्या प्लास्टिकच्या घड्याळासमोर चुकीचं ठरायला लागलं. आणि दुरुस्ती उरली काय तर सेल बदलणं. मशीन गेलं तर अख्खं मशीन फेकून नवीन टाका, खोलण्यात अर्थ नाही. सेल बदलायला सोनाराचा हात कशाला लागतो, तो तर स्टेशनबाहेर छत्रीखाली बसलेला पोरगाही बदलतो आणि खरं सांगायचं तर चांगला बदलतो.

इथं परत दिल्ली मदतीला आली असं म्हणायला हरकत नाही. जून १९९० मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला, वि. प्र. सिंगांचं सरकार होतं आणि अर्थमंत्री मधु दंडवते, म्हणजे आपलेच कोकणचे खासदार. लायसन्स गेलं, छापील वही गेली, इन्स्पेक्टर गेले. तुमच्या १९९० नंतरच्या पानांवर सोनं वाढलं ते ह्याचमुळं. म्हणजे बघा, सोनं आडवं पडलं तेव्हा घड्याळानं घर चालवलं, घड्याळ आडवं पडलं तेव्हा सोन्यानं. माझ्या मते ह्या जोडधंद्याचा सगळा इतिहास एवढाच आहे आणि पाटीवर 'ज्वेलर्स अँड वॉच रिपेअरर्स' असं का लिहिलेलं असतं त्याचं उत्तरही.

पण जे सोनं परत आलं ते जुनं नव्हतं, हे तुमच्या घरात कुणी सांगितलं नसेल तर लिहून ठेवा. तोवर घडणकाम झवेरी बाजाराच्या आसपासच्या गल्ल्यांत गेलं होतं, बंगाली कारागीर एका खोलीत दहा-बारा जण बसून इतकं सफाईदार आणि स्वस्त काम करायला लागले की दादर-गिरगावच्या सोनारानं स्वतः घडवण्यात अर्थच उरला नाही. तयार माल आणायचा आणि विकायचा. घरी राहिली ती दुरुस्ती, नथीचा मोती बसवणं, जोडव्याचा डाख, तुटलेली साखळी, बांगडी मोठी करणं, ठुशी परत ओवणं. माझ्या वडिलांना ह्याचं वाईट वाटायचं, मला नाही वाटत. दुरुस्तीत नफा कमी पण गिऱ्हाईक दर महिन्याला येतं, आणि दुरुस्तीला येणारंच शेवटी लग्नाची खरेदीही तुमच्याकडं करतं. ज्यांनी दुरुस्ती 'किरकोळ' म्हणून बंद केली आणि नुसता शोरूम केला त्यातले बरेच मोठ्या ब्रँडवाल्यांपुढं टिकले नाहीत, हे माझ्या डोळ्यासमोरचं आहे.

सोनाराच्या दुकानातला कचरासुद्धा विकला जातो हे माहीत असेल. झारेकरी येतात, दुकानातली धूळ, गटारातला गाळ घेऊन जातात आणि धुऊन त्यातून सोनं काढतात. वहीत वर्षातून एकदा-दोनदा 'झाडलोट' किंवा 'केर' म्हणून जमा रक्कम दिसली तर ती चूक नाही, तो खराखुरा उत्पन्नाचा भाग आहे. त्या रकमेवरून दुकानात त्या वर्षी घडणकाम किती झालं त्याचा अंदाजही बांधता येतो, तयार माल विकणाऱ्या दुकानात केरात काही नसतं.

२६ जुलै २००५ बद्दल एवढंच, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि पुढचे कितीतरी दिवस टेबलावर नुसती बुडालेली घड्याळं. ज्यांनी 'वॉटरप्रूफ' वाचून निर्धास्त राहून दोन आठवड्यांनी आणली त्यांची गेली, ज्यांनी दुसऱ्याच दिवशी आणली त्यातली चावीची बहुतेक वाचली, क्वार्ट्झची सर्किटं गेली. चावीच्या घड्याळाचं तेवढं एक आहे, उघडा, धुवा, वाळवा, चालतं.

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे म्हणून भराभर. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचा निर्णय झाला आणि गंमत म्हणजे लगेच लोकांना जनता आणि पायलट आठवायला लागली, वडिलांनी मातीमोल घेतलेली घड्याळं मी बऱ्यापैकी किमतीला दिली. त्याच वर्षी दागिन्यांवरच्या अबकारी कराविरोधात सराफांचा महिन्याहून जास्त बंद, मग नोव्हेंबरात नोटबंदी, पुढच्या वर्षी जीएसटी. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा नंबर, नसेल तर नवा दागिना विकता येत नाही. ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट आहे, पण गिऱ्हाईक विचारतंच, त्यामुळं सूट कागदावर. मी हॉलमार्कच्या बाजूचा आहे, आमच्यातल्या काहींना राग येईल, येऊ दे. कसोटीच्या दगडावर कस लावून आजोबा सांगायचे ते बरोबर असायचं, पण सगळेच आजोबा नव्हते. आणि घरातले जुने, शिक्का नसलेले दागिने बाद झालेत असं समजू नका, ते घालायला, विकायला काही अडचण नाही, तपासणी केंद्रात कस काढून मिळतो.

राहिला डबा. घाईनं चावी देऊन 'चालतंय का' बघू नका, तेल वाळून डिंक झालेलं असतं, चाकांची टोकं झिजतात. क्वार्ट्झ असतील त्यांचे सेल आधी काढा, ते फुटून आत सगळं खातात. काट्यांवर किंवा आकड्यांवर पिवळट-तपकिरी जाडसर रंग असेल आणि घड्याळ १९७० च्या आधीचं असेल तर ते रेडियम असू शकतं, अंधारात आता चमकत नसलं तरी रेडियम आत तसंच आहे, रंग थकतो, रेडियमला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात, त्यामुळं ते खरवडू नका, फुंकू नका, पोरांच्या हाती देऊ नका. तबकडी डागाळली म्हणून कुणी 'रिडायल करून नवं करतो' म्हणाला तर नाही म्हणा. जुनं मशीन आणि भडक रंगवलेली तबकडी अशी घड्याळं आपल्या शहरातून इतकी गेलीत की जगभरचे संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाकं मुरडतात. त्यात देवनागरी आकड्यांचं जनता सापडलं तर ते तसंच ठेवा, डागासकट. आणि नंबर जुळून मालक सापडला तर फोन करून बघा. आमच्याकडं असं एकदा एक घड्याळ परत गेलं, घरच्यांनी राहिलेली ऑइलिंगची मजुरी आजच्या दरानं द्यायचा हट्ट धरला, मी वहीतल्या दरानंच घेतली, साडेचार रुपये, आणि नोंद त्याच जुन्या पानावर केली.

झाकणं उघडायला जमत नसेल तर डबा आणि १९६३ ते ७० च्या वह्या घेऊन लालबागला या, सोमवारी दुकान बंद असतं.